फ्रिजवरचे नियम आणि माझा दात

तीर्थरूप ताईच्या चरणी, आणि चरणांच्या थोडं वर जे दोन गुडघे लागतात त्यांनाही, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलो तर कंबर खालीच राहते आणि मी एकटाच वर येतो, म्हणून हा लेखी.) इकडे सर्व ठीक. तुझा रक्तदाब कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं चालू आहे, की डॉक्टरांनाच फिरवते आहेस? इस्पितळात मेट्रन म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईला पथ्य सांगायची माझी छाती नाही, तेव्हा मीठ कमी खा एवढं पुटपुटतो आणि बाजूला होतो. माझी प्रकृती उत्तम. फक्त पुढचा एक दात नाही. त्याची हकिगत ओघात येईलच, कारण तो दात नुसता पडलेला नाही, सिनेमात गेला आहे.

तू मला ज्या कामगिरीवर धाडलंस तिचा अहवाल द्यायला उशीर झाला, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तू ओरडायचा श्वास घेतला असशील तर तो सोडून देता येईल. कामगिरी अशी होती की तुझ्या भिंगरीला समजावायचं, न समजल्यास कानाला धरायचं, आणि महिना संपायच्या आत तिला पुन्हा त्या कंपनीतल्या, तुझ्या शब्दाखातर साहेबांनी तोवर रिकामी ठेवलेल्या खुर्चीत नेऊन बसवायचं. (कॉम्प्युटरवर शहरं पाडायची आणि राक्षस उठवायचे ही नोकरी आहे हे मला पहिल्यांदा तूच अभिमानानं सांगितलं होतंस. तुझ्या जिन्यावरच्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं की ताईंची मुलगी राक्षस करते.) मग मुलीनं ती नोकरी सोडली, साधा सिनेमा काढते म्हणाली, आणि तू फोनवर म्हणालीस की शहाणपण सुचेल तेव्हाच मला फोन कर. ती पडली तुझीच मुलगी. तिला शहाणपण सुचलं नाही आणि तुला माघार सुचली नाही. दाजी असते तर दोघींच्या मध्ये उभे राहून पेपर वाचण्याचं नाटक करत काहीतरी जुळवून आणलं असतं. ते नाहीत, म्हणून मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मामा सापडला. तुझं म्हणणं होतं, तू त्याच धंद्यातला, तूच तिला सांग की देखाव्याशिवाय सिनेमा नसतो. ताई, मलाही तसंच वाटत होतं. स्टुडिओच्या वारा-धूर खात्यात मी म्हातारा झालो. माझ्या पंख्याशिवाय एकाही नायिकेचा केस हलला नाही, आणि माझ्या धुराशिवाय एकही भूत पडद्यावर आलं नाही. एका थोर नटाला मरणाच्या प्रसंगी रडू येईना, तेव्हा मी समोरून असा काही वारा सोडला की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याला त्या वर्षी बक्षीस मिळालं. वाऱ्याला कोणी बक्षीस दिलं नाही, पण ते असो.

तर मी निघालो. लोक भाचीकडे जाताना फळं नेतात. मी एका पिशवीत माझं जुनं धुराचं यंत्र घेतलं, टाकी भरून, आणि काखेत छोटा पंखा. मनात हिशेब असा की पोरीला एकदा धुरातून येणारा उजेड दाखवावा, म्हणजे तिची साधेपणाची खोड आपोआप जिरेल. सर्वांत वरचा मजला, लिफ्ट बंद. मी धापा टाकत बेल वाजवली, दार उघडलं, आणि माझ्या नाकासमोर एका लांब दांड्यावर केसाळ मांजरासारखं काहीतरी आलं. मी त्याला बाजूला करायला हात उचलला, तर दांडीमागचा आडदांड तरुण ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायला लागला. तो आवाजवाला, आणि ते मांजर म्हणजे त्याचा माइक. त्याच्या मागे एक उंच, मान वाकडी केलेली मुलगी डोळ्याला कॅमेरा लावून उभी. ती कॅमेरावाली. आणि त्या दोघांच्या मागे, हातात बटाटा आणि सुरी घेतलेली आपली भिंगरी, तुझ्यासारखी दिसणारी. ती फक्त म्हणाली, "ये मामा, पण पिशवी बाहेर ठेव." मला वाटलं पोरीला शिस्त लागली. नंतर कळलं, मी सिनेमात शिरलो होतो.

म्हणजे झालं होतं असं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर, इस्पितळात तू खाटेपाशी पथ्याचा कागद लावायचीस तसा, नियमांचा एक कागद चिकटवलेला आहे. या तिघांनी मिळून तो केला आणि त्यावर सह्या केल्या. (असे नियम घालून घेऊन सिनेमे काढणारी माणसं जगात आधीही होऊन गेली म्हणे. मला त्यांच्या खात्यात नोकरी मिळाली नाही हे माझं नशीब.) देखावा उभारायचा नाही, घर आहे तेच घर. खाण्यापिण्याखेरीज बाहेरून वस्तू आणायची नाही, घरात जे आहे त्यातच भागवायचं, म्हणून माझी पिशवी जिन्यात. दिवे लावायचे नाहीत, खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढा. संगीत मागाहून ओतायचं नाही. कोणी गुणगुणलं तर तेवढंच, आणि आवाजवाला इतका सुराचा पक्का की मी गुणगुणलेलं त्यानं तेवढंही घेतलं नाही. प्रसंग गोष्टीच्या क्रमानं घ्यायचे आणि प्रत्येक प्रसंग एकदाच. चुकला तर चुकला, माणूस आयुष्यात काय दोनदा चुकतो? (मी चुकलो आहे, पण तो मुद्दा वेगळा.) आपल्यासाठी जग हलवायचं नाही, जे होईल ते होऊ द्यायचं. आणि सर्वांत शेवटी, ठसठशीत अक्षरात: जो नाही त्याला दाखवायचं नाही. म्हणजे राजा लागत असेल तर खरा राजा आणा, नाहीतर गोष्टीतून राजा काढा. गोष्टीत मामा मुळात नव्हताच. पण कॅमेरा चालू असताना मी दारात उभा राहिलो, आणि मामा आहे हे नाकारता येईना, म्हणून त्या दिवसापासून गोष्टीत मामा आला. आयुष्यभर पंख्यामागे बसलेला माणूस असा धाप लागल्यामुळे नट झाला. माझ्या केसांना लावलेल्या काळ्या रंगावरून मात्र खल झाला. रंगभूषा नियमात बसत नाही. अखेर भिंगरीनं निकाल दिला की मामानं रंग सिनेमासाठी लावलेला नाही, स्वतःच्या समाधानासाठी लावलेला आहे, तेव्हा तो घरातल्या फर्निचरसारखाच धरावा.

मग मी गोष्ट विचारली. आता तू हसशील. एक मुलगी रोज टेबल मांडते, आईची वाट बघते. झाली गोष्ट. मी म्हटलं, अगं निदान एखादी होडी उलटू दे, जिना कोसळू दे, खिडकीबाहेर कोणी बंदूक घेऊन तरी उभा राहू दे. नाही. आई येते का? ते अजून ठरलेलं नाही. तिनं आईला बोलावलंय का? नाही बोलावलं. "बोलावलंच नाही तर ती बाई येईल कशी?" मी विचारलं. भिंगरी बटाटा सोलत म्हणाली, "तीच तर गोष्ट आहे, मामा." मी त्यावर खूप हुशारीनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, या सिनेमाला पंखा लावूनसुद्धा काही होणार नाही.

आता दाताकडे वळतो. त्या स्वयंपाकघरात सरळ ऊन येत नाही. पण समोरच्या इमारतीत एक दंतवैद्य आहे. त्यानं सकाळी खिडकी उघडली की काचेवरून उन्हाचा एक पट्टा उडतो आणि नेमका इकडच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडतो. टेबल मांडण्याचा प्रसंग त्या उन्हात व्हावा असं भिंगरीच्या मनात होतं. झालं, तिघंही खिडकीकडे डोळे लावून बसली. दंतवैद्याला थंडी वाजत असावी, किंवा त्याच्या रोग्यांचं ओरडणं रस्त्यावर जाऊ नये अशी इच्छा असावी, खिडकी काही उघडेना. एक दिवस गेला, दोन गेले, बटाट्यांना कोंब फुटले. मी म्हटलं, जाऊन सांगा की त्याला. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी समोरची इमारत वाकवायला सांगतो आहे. जग हलवायचं नाही! पण ताई, स्टुडिओत सूर्य नाही असं म्हणायची आमच्या खात्यात पद्धतच नव्हती. तिसऱ्या दिवशी पाव आणायला जातो सांगून मी रस्ता ओलांडला आणि दंतवैद्याकडे नंबर लावला.

तिथे उगीच कोणाला आत घेत नाहीत, खुर्चीत बसावं लागतं. बसलो. म्हटलं, डॉक्टर, फार गुदमरतंय हो, ती खिडकी जरा उघडता का. भला माणूस, लगेच उघडली. समोर आमचं स्वयंपाकघर लख्ख उजळलं, टेबलावरच्या बशा चमकल्या, आणि कॅमेरावालीची वाकडी मान मला तिथून सरळ झालेली दिसली. तेवढ्यात डॉक्टरांनी माझा जबडा उघडून पुढचा दात हलवून बघितला. (हलत होता, खोटं कशाला बोलू, पण आमचं दोघांचं बरं चाललं होतं.) ते म्हणाले काढावा लागेल. मी तोंडात चिमटा असताना म्हणालो, काही करा पण खिडकी उघडी राहू द्या. त्यांना त्यातलं 'काही करा' एवढंच समजलं. इंजेक्शन बसलं, ओढाताण झाली, आणि त्या सगळ्या रणधुमाळीत मला एवढा आनंद झाला होता की मी खुर्चीतून समोरच्या खिडकीला हात हलवला. तिथेच मेलो. कॅमेरावालीला टेबलामागच्या खिडकीतून, समोरच्या इमारतीत, तोंडाचा आ वासून हात हलवणारा मामा स्पष्ट दिसला. भिंगरीनं कॅमेरा चालू व्हायच्या आतच काम थांबवलं आणि टेबलाचा प्रसंग गोष्टीतच पुढे ढकलला. तेलही गेलं तूपही गेलं म्हणतात तसं, दातही गेला, ऊनही गेलं, हाती आला कापसाचा बोळा. आणि वर पाव आणायचा राहिलाच.

मी आल्यावर ती रागावली नाही, हेच मला झोंबलं. तू असतीस तर माझी खरडपट्टी काढून मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या असत्यास. तिनं नुसत्या गुळण्या दिल्या. मग म्हणाली, मामा, प्रसंग क्रमानं चाललेत, काल तुला दात होता, आज नाही, म्हणजे गोष्टीतल्या मामाचाही दात गेला. आणि तशी एक जागा तिनं गोष्टीत केली. मामा जेवायला बसतो आणि पाव चावता येत नाही म्हणून सूपमध्ये बुडवून खातो, भाची बघते आणि न बोलता पावाच्या कडा काढून देते. बस, एवढंच. आमच्या वेळी दात गेलेला माणूस दिसला असता तर खोटा बसवला असता, नाहीतर मला म्हणाले असते, त्याच्या तोंडापुढे थोडा धूर सोड. या पोरीनं माझा पडका दात उचलून गोष्टीत जपून ठेवला. मला ते फार आवडलं, पण कामगिरीची आठवण ठेवून मी चेहरा कडक ठेवला.

इकडे जिन्यात माझी पिशवी पडूनच होती. एका सकाळी मी पाव घेऊन आत येतो, भिंगरीला नुसतं विचारतो की आली का, आणि ती नाही म्हणते, असा प्रसंग चालू होता. त्याच वेळी वॉचमनकाकांनी जिना झाडायला काढला. त्यांना पिशवीत ते यंत्र दिसलं, नळी दिसली, आणि त्यांनी अनुमान काढलं की वरच्यांनी धूळ ओढायचं मशीन घेतलेलं दिसतंय. मीटरच्या पेटीपाशी त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं, काहीच झालं नाही. (त्याला तापायला वेळ लागतो. या यंत्राचा स्वभाव तुझ्यासारखा आहे, आधी शांत असतं.) ते कंटाळून चहाला गेले. मग जे झालं ते झालं. सगळा जिना पांढरा झाला. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब मांजर घेऊन खाली पळालं, गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई पेटी टाकून प्रेशर कुकर कवटाळून पळाल्या (वेळ आली की माणसाला खरं काय लागतं ते कळतं), आणि आमच्याकडे दाराच्या फटीतून तो धूर हळूहळू आत सरकला. टेबलाच्या पायांभोवती फिरला. खिडकीतल्या उजेडात वर चढला. मी पाव घेऊन त्याच्या मधोमध उभा. ताई, मी माझ्या हातानं इतका सुंदर धूर कधी सोडला नव्हता. माझ्या दात नसलेल्या तोंडालासुद्धा त्यात काही दर्जा आला होता. कॅमेरावालीच्या डोळ्यांत पाणी होतं. (काही त्या धुरानंही असेल.)

नंतर फ्रिजसमोर जी सभा बसली ती तू ऐकायला हवी होतीस. कॅमेरावाली म्हणे, आपण काहीच केलेलं नाही, जग आपोआप हललं, तेव्हा धूर घरचाच. आवाजवाला म्हणे, यंत्र बाहेरून आलेलं, धूर परका. मी म्हटलं, पोरांनो, वॉचमननं चुकून सोडला तर तो खरा अपघात आहे, माझा दात चालतो तर माझा धूर का नाही? भिंगरीनं तो भाग पुन्हा एकदा बघितला आणि माझ्यासमोर पुसून टाकला. प्रसंग एकदाच घ्यायचा, म्हणजे तो प्रसंग कायमचा गेला. मी तर कळवळलोच. ती म्हणाली, "मामा, हे बघताना लोक धूर बघतील. तुला बघणार नाहीत." मी गॅलरीत जाऊन बसलो. ताई, खात्यात माझ्या धुराला कमी म्हणाले, जास्त म्हणाले, नटीला खोकला आला म्हणून शिव्याही घातल्या. पण मी दिसावा म्हणून धूर फेकून देणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. तिथे मला तुझ्या मुलीचा एवढा अभिमान वाटला की कामगिरीतून मी मनानं त्याच क्षणी राजीनामा दिला. तुला कळवायचं धाडस व्हायला मात्र आजचा दिवस उजाडला.

आणि आता जे सांगतो ते खुर्चीत टेकून वाच. महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. टेबलाचा प्रसंग राहिला होता. त्या सकाळी समोरची खिडकी आपण होऊन उघडली, कोणी सांगितलं नाही, मी तर खुर्चीतून हललोही नव्हतो, याला तिघं साक्षीदार आहेत. ऊन टेबलावर आलं. कॅमेरा चालू झाला. भिंगरीनं तीन बशा आणल्या. एक तिची, एक माझी, आणि तिसरी तिनं पालथी घातली, तू घालायचीस तशी, येणाऱ्याला उशीर असेल तर धूळ बसू नये म्हणून. सूप वाढलं. आम्ही जेवायला लागलो. काहीही घडत नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी दाराकडे बघतो आहे. आणि फ्रिजवर ठेवलेला तिचा फोन वाजला. (फोन बंद ठेवायचा नाही. आयुष्यात चालू असतो, तर सिनेमातही चालू.) ती अशी उठली की खुर्ची मागे पडली. हात फ्रॉकला पुसले. आणि फोनकडे धावता धावता तिनं केस सारखे केले. ताई, फोनवर बोलायला केस कशाला सारखे करावे लागतात? कोणासाठी, हे तुला मी सांगायला नको. तू तिला लहानपणापासून फोनवरसुद्धा विचारत आली आहेस, केस विंचरलेस का.

फोन तिच्या साहेबांचा होता. तिनं नाव वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते लिहायला गेलो तर काहीच झालं नाही असंच लिहावं लागेल. ती फक्त थोडी उशिरानं बोलली. मी जन्मभर नायिकांच्या तोंडावर वारा सोडत राहिलो तो हेच दाखवायला, आणि इथे पडद्याची झालरसुद्धा हलली नव्हती. ती म्हणाली, साहेब, आईच्या शब्दाखातर तुम्ही थांबलात, उपकार आहेत, पण मी परत येत नाही. ते काहीतरी बोलले. मग ती म्हणाली, नाही, एकटी नाही, जेवायला बसलोय. मामा आहे. "आई यायची आहे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, खुर्ची उचलली, आणि सूप संपवलं. मी चमचा हवेत धरून तोंड उघडं टाकून बसलो होतो, माझ्या दाताची खिंड जगाला दिसत होती, आणि तेही सिनेमात तसंच आहे. कोणी म्हणालं नाही की पुन्हा घेऊ. आवाजवाला दांडी खाली ठेवून तोंड धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

तेव्हा अहवाल असा: मुलगी परत येत नाही, खुर्ची गेली, मामा हरला. राक्षस करणारी माणसं पुष्कळ मिळतील, त्यांना मी धूर पुरवला आहे, मला ठाऊक आहेत. पण एका मुलीनं फोनकडे धावताना केस सारखे केले, आणि मी धुराच्या खात्यातला निबर माणूस सूप विसरून बघत बसलो, असं काम करणारी तुझीच एक आहे. कोणाची तरी मुलगी म्हणून नाही, तुझी म्हणून सांगतो. रुग्णाला खोटं औषध द्यायचं नाही म्हणून तू वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडायचीस, ते हिनं कुठून उचललं हे शोधायला लांब जायला नको. आता राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ, मी लांब आहे. औषधं वेळेवर घे. मीठ कमी खा.

तुझा आज्ञाधारक (आत्तापर्यंतचा),
धाकटा भाऊ

ता. क. लिहायचं राहिलं. येत्या रविवारी शेवटचा प्रसंग आहे. आईच्या भूमिकेसाठी गाण्याच्या बाई स्वतःहून तयार झाल्या होत्या, त्यांना रडताही छान येतं, पण भिंगरीनं हात जोडले. जो नाही त्याला दाखवायचं नाही. बेल वाजली तर आई आली, नाही वाजली तर नाही आली, त्यातलं जे होईल त्यावर सिनेमा संपेल. सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवणाच्या वेळेपर्यंत पोचतेस. लिफ्ट अजून बंद आहे, पण गुडघ्यांसाठी प्रत्येक मजल्यावर मी खुर्ची ठेवून देईन. घरातलीच.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. खोडायचा होता, पण शाईच्या पेननं लिहून बसलो. मी पत्र पाठवून तुला बोलावलं हे तिला कळलं तर मेलो, जग हलवलं म्हणून तो प्रसंगही ती धुरासारखा पुसून टाकेल. तेव्हा हे पत्र मिळालंच नाही असं धर, खुर्च्याही मी ठेवत नाही, आणि तू आपली स्वतःच्या मनानं ये. खिडकी आपण होऊन उघडली तर चालते. आणि खरोखरच स्वतःच्या मनानं आलीस, तर मग आपल्या दोघांपैकी कोणालाच खोटं बोलावं लागणार नाही.

ता. क. शेवटचा. रविवारी नाही जमलं तर सोमवारी ये. मंगळवारी ये. काल शूटिंगला सुट्टी होती, कॅमेरा पेटीत होता, ती दोघं घरी गेली होती. आम्ही दोघंच जेवायला बसलो. तरीही तिनं तिसरी बशी आणली आणि पालथी घातली. मी फ्रिजवरचा कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. त्यात हा नियम नाही.